ऑर्बिटल प्रोस्थेसिसची (डोळ्याच्या जागी बसवायच्या कृत्रिम भागाची) कड दुपारपर्यंत सुटते. गम बदलू की दोष दुसरीकडेच आहे?

सातरस्ता_प्रोस्थो

केस सोलापुरातली आहे, त्यामुळे इथला उन्हाळा धरूनच उत्तर द्यावं ही विनंती.

पुरुष रुग्ण, पन्नाशी ओलांडलेले, साखर आहे. २०२१ च्या म्युकरमध्ये (काळ्या बुरशीच्या साथीत) उजवा वरचा जबडा पूर्ण काढला, त्याच बाजूचा डोळाही खोबणीतल्या सगळ्या ऐवजासकट गेला. डावीकडचे दात शाबूत आहेत. तोंडात ॲक्रिलिकचा ऑब्चुरेटर (टाळूचं भोक बुजवणारी कवळी), क्लास्प (दातांना धरणारे आकडे) डावीकडच्या दाढांवर. तो जुना आहे, थोडा हलतो, पण "जेवता येतं" म्हणून कुणी हात लावलेला नाही. रेडिएशन झालेलं नाही. एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.९.

चार महिन्यांपूर्वी सिलिकॉनचं ऑर्बिटल प्रोस्थेसिस दिलं. प्लॅटिनम कॅटॅलिस्टवर जमणारं, १०:१ चं सिलिकॉन, स्टोनचा (कडक प्लास्टरचा) साचा. डोळा ॲक्रिलिकचा, बुबुळ डाव्या डोळ्याला जुळवून रंगवलेलं. धरून ठेवायला पाण्याच्या बेसचा ॲक्रिलिक गम आणि वर जाड फ्रेमचा चष्मा.

तक्रारी अशा. सकाळी ९ ला लावलं की दीड-दोनपर्यंत नाकाकडचा खालचा कोपरा उचलतो. जेवताना कानशिलाकडची कड सुटते. कडा पिवळ्या पडल्यात, दोन ठिकाणी चिरल्यात. आतल्या अंगाला रुपयाच्या नाण्याएवढा भाग पहिल्या दिवसापासून चिकट आहे, तो काही सुकायचं नाव घेत नाही. रुग्णाला दिवसातून दोन-तीन तास दुचाकीवर उन्हात फिरावं लागतं.

सिलिकॉन बेसचा गम घामाला जास्त टिकतो असं ऐकलंय, तो आणवू का? की थेट इम्प्लांटकडे जावं? आणि नवीन करायचंच तर काय वेगळं करू?

---

ऑब्चुरेटर_आधी

डॉक्टर, गम सध्या बाजूला ठेवा. तुम्ही तीन तक्रारी एकत्र लिहिल्यात, पण त्यांची कारणं तीन वेगळी आहेत. नाकाकडचा कोपरा हवेमुळे उचलतो, कानशिलाकडची कड स्नायूमुळे सुटते आणि चिकट भाग हा लॅबमधला दोष आहे. गम बदलून यातलं एकही सुटणार नाही.

हवेपासून सुरुवात करतो. पूर्ण मॅक्सिलेक्टॉमी (वरचा जबडा काढणं) आणि एक्झेंटरेशन (डोळा खोबणीतल्या ऐवजासकट काढणं) एकत्र झालं की डोळ्याच्या खोबणीला तळच उरत नाही. वरून डोळ्याची पोकळी, मधे सायनसची जागा, बाजूला नाक आणि खाली तोंड, असा सगळा एकच बोगदा होतो. ऑब्चुरेटर हे त्या बोगद्याचं खालचं झाकण आणि ऑर्बिटल प्रोस्थेसिस हे वरचं. खालचं झाकण ढिलं असेल तर बोलताना, गिळताना, शिंकताना हवा वर येते. नाकातून येणारी हवा तर येतेच. ही हवा ओली आणि कोमट असते. तिचा दाब फारसा नसतो, पण दिवसभर ती कडेच्या आतल्या बाजूला दव धरत राहते, आणि पाण्याच्या बेसचा गम ओलाव्याने मऊ पडतो. नाकाकडचा खालचा कोपरा बोगद्याच्या सगळ्यात जवळ असल्यामुळे पहिला तोच सुटतो. बाहेरून घाम, आतून वाफ. दुपारी दीडचा हिशेब इथे लागतो.

खात्री करायला दातांचा साधा आरसा पुरतो. प्रोस्थेसिस काढा, ऑब्चुरेटर तोंडात राहू द्या. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये खोलीतला आरसा श्वासापेक्षा गरम असू शकतो. अशा आरशावर वाफ धरत नाही आणि तुम्ही "गळती नाही" असं लिहून मोकळे होता. म्हणून आरसा बर्फाच्या पाण्यात बुडवून काढा, कोरडा पुसा आणि पाच सेकंद नुसता हवेत धरा. खोलीच्या हवेनेच धुकं आलं तर जरा निवळू द्या. मग पोकळीच्या तोंडाशी, नाकाच्या बाजूला धरा आणि रुग्णाला तोंड मिटून नाकाने श्वास सोडायला सांगा. नंतर दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून "बाबा", "डाळ", "पापड" म्हणायला सांगा. तेव्हाही धुकं आलं तर हवा तोंडातून, म्हणजे ऑब्चुरेटरच्या कडेने येते आहे. कापसाचा एक धागा चिमट्यात धरून पोकळीच्या कडेने फिरवा, तो कुठे थरथरतो तेही दिसेल.

कानाने ऐकायची खूणही आहे. नाकपुड्या मोकळ्या ठेवून "बाबा"चं "मामा" आणि "डाळ"चं "नाळ" होत असेल तर ऑब्चुरेटर गळतोय, "जेवता येतं" या वाक्यावर जाऊ नका. रुग्ण त्याच बाजूला मान झुकवून पाणी प्यायची सवय लावून घेतो आणि तक्रार करत नाही. सरळ बसवून, मान थोडी पुढे घेऊन अर्धा पेला पाणी प्यायला द्या. पोकळीत ओल दिसली की प्रश्न मिटला.

त्यामुळे क्रम असा की आधी ऑब्चुरेटर. बल्बच्या (ऑब्चुरेटरच्या पोकळीत शिरणाऱ्या भागाच्या) बाजूच्या भिंतीवर मऊ मेण किंवा टिश्यू कंडिशनर (तात्पुरतं मऊ अस्तर) घालून रुग्णाकडून हालचाली करवून घ्या: मान डावी-उजवी, हनुवटी छातीला, तोंड पूर्ण उघडून जबडा दोन्हीकडे सरकवणं, गिळणं. जबडा सरकवणं विसरलं की कोरोनॉइड (खालच्या जबड्याचं वरचं टोक) बल्बला घासतो आणि प्रत्येक घासाला ऑब्चुरेटर खाली ढकलला जातो. बाहेरच्या भिंतीवर त्वचेचा ग्राफ्ट (दुसरीकडून आणून लावलेली कातडी) आणि गालाचं आतलं अस्तर जिथे जुळतं तिथे व्रणाचा पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या वर बल्ब अडकला पाहिजे, फुकटात मिळणारा तेवढाच अंडरकट (अडकायला खाच) आहे. बल्ब पोकळ ठेवा, भिंत दीड-दोन मिलिमीटर. भरीव बल्बचं वजन एका बाजूच्या क्लास्पना पेलवत नाही आणि दोन वर्षांत त्याच दाढा हलायला लागतात.

मग वरचं झाकण. अशा पोकळीत एक मऊ सिलिकॉनचा प्लग आधी बसवतो, जो आतल्या अंडरकटमध्ये अडकतो आणि हवा अडवतो. त्याच्या दर्शनी बाजूला ॲक्रिलिकची पट्टी आणि तीन छोटे लोहचुंबक, त्रिकोणात. बाहेरचं प्रोस्थेसिस त्या चुंबकांवर बसतं. वजन चुंबकांनी आणि प्लगने पेललं की गमचं काम फक्त कड त्वचेला टेकवून ठेवण्यापुरतं उरतं. दोन चुंबकांवर भागवू नका, प्रोस्थेसिस त्या दोघांच्या रेषेवर झुलतं. चुंबक आणि कीपर (त्याला चिकटणारी धातूची चकती) यांच्यात अर्धा मिलिमीटर फट राहिली तरी ओढ बरीच कमी होते, तेव्हा जोडणी चेहऱ्यावर बसवूनच पक्की करा, कास्टवर (इम्प्रेशनमधून काढलेल्या स्टोनच्या प्रतिकृतीवर) नको.

प्लग ऑब्चुरेटरलाच का जोडू नये, असं विचाराल. जोडतातही. पण चावताना ऑब्चुरेटर थोडा तरी हलणारच, आणि ती हालचाल चेहऱ्यावर दिसते: भाकरी चावतोय आणि डोळा नाचतोय. जोडायचंच असेल तर सपाट चुंबक घ्या, म्हणजे एकावर एक सरकतील. कुलूप लागल्यासारखी जोडणी नको.

आता कानशिलाची कड. दात चावून धरले की टेंपोरॅलिस, म्हणजे कानशिलाचा चावायचा स्नायू, फुगतो. तुम्ही इम्प्रेशन तोंड मिटून, बहुधा आडवं झोपवून घेतलं असणार. आडवं झोपल्यावर गालाची आणि कानशिलाची कातडी मागे सरकते. उभं राहिल्यावर ती खाली येते आणि कड हवेत राहते. रुग्णाला खुर्चीत बसवून इम्प्रेशन घ्या. अल्जिनेट (इम्प्रेशनची पावडर) थंड पाण्यात, नेहमीच्या साधारण दीडपट पाणी घेऊन पातळ करा, म्हणजे त्याच्या वजनाने कातडी दबणार नाही, शिवाय उन्हाळ्यात वेळही मिळेल. वर गॉझचे तुकडे अर्धवट रुतवून ठेवा आणि त्यावर लवकर जमणाऱ्या प्लास्टरचा पातळ थर द्या. गॉझ नसेल तर काढताना अल्जिनेट प्लास्टरपासून सुटून येतं. भुवईला व्हॅसलीन लावायचं. पोकळीत खोल जाणारी वाट आधी व्हॅसलीनच्या गॉझने बंद करायची, त्या गॉझला लांब दोरा बांधून तो बाहेर ठेवायचा. अल्जिनेटचा तुकडा नाकामागे घशात उतरला तर तिथून पुढचा प्रसंग वेगळाच असतो.

मेणाचा नमुना चेहऱ्यावर लावून पाहताना रुग्णाला शेंगदाणे चावायला द्या. कड किती उचलते ते बघून ती रेषा हलत्या भागाच्या अलीकडे आणा. चष्म्याची दांडी आणि फ्रेमचा कोपरा जिथे सावली पाडतो तिथे कड संपली तर उत्तम.

---

मेणकाम_लॅब

वरच्या सरांनी तोंडातलं सांगितलं, मी साच्यातलं सांगतो. त्या नाण्याएवढ्या चिकट डागाने सगळं सांगितलंय ओ.

सगळं प्रोस्थेसिस चिकट असतं तर माप चुकलं म्हटलं असतं. एकाच जागी चिकट म्हणजे त्या जागी काहीतरी लागलंय ज्याने प्लॅटिनम मारला. पहिला संशयित गंधक. लॅटेक्सचे हातमोजे घालून साचा पुसला, किंवा गंधक असलेल्या मूर्तिकामाच्या क्लेने एखादं भोक बुजवलं, तर तेवढाच भाग कधीच जमत नाही. कितीही तापवा, दोन महिने ठेवा, तो तसाच राहतो. दुसरा संशयित, टिन कॅटॅलिस्टवर जमणाऱ्या कंडेन्सेशन सिलिकॉनची इम्प्रेशन पुट्टी त्याच टेबलावर वापरली असेल तर तीही प्लॅटिनमला मारते. तिसरा, हल्लीचा: थ्रीडी प्रिंट केलेला रेझिनचा साचा किंवा नमुना. वरून कडक दिसतो, पण आत न जमलेलं रेझिन असतं, त्याला टेकलेलं सिलिकॉन बुळबुळीत राहतं. प्रिंट वापरायचाच तर त्यावरून मेणाची किंवा स्टोनची नक्कल काढा आणि सिलिकॉन स्टोनमध्येच भरा. हातमोजे व्हिनाइलचे घ्या. उरलेल्या सिलिकॉनचा एक थेंब आधी साच्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर लावून पाहायचा. तिथे जमला तरच आत भरायचं.

माप. १०:१ हे वजनाचं आहे, चमच्याचं नाही. ३० ग्रॅम बेसला ३ ग्रॅम क्रॉसलिंकर (जमवणारा दुसरा भाग) लागतो. किराणा दुकानातल्यासारखा एक ग्रॅमपर्यंतच दाखवणारा काटा असेल तर अर्ध्या ग्रॅमची चूक त्याला कळतच नाही, आणि ३ ग्रॅममध्ये अर्धा म्हणजे सहावा हिस्सा. ०.०१ ग्रॅमचा काटा घ्या. पंखा बंद करून मोजा, आकडा नाचतो.

मिसळल्यावर व्हॅक्यूममध्ये ठेवायचं. आधी फसफसून वर येतं, दुधासारखं उतू जाईल इतकं, म्हणून भांडं मिश्रणाच्या चौपट तरी मोठं. मग खाली बसतं आणि बुडबुडे थांबतात. तोवर काढू नका. साच्यात भरताना आधी कडेवर आणि पापणीच्या घडीत ब्रशने पातळ थर लावायचा, मग मधे ओतायचं. थेट ओतलं की पापणीच्या घडीत हवा राहते आणि नेमकं तिथेच भोक पडतं, जिथे सगळ्यांची नजर जाते. साचा पूर्ण कोरडा हवा. ओला स्टोन थेट १०० अंशांवर ठेवला तर वाफेचे बुडबुडे सिलिकॉनमध्ये शिरतात. आत ॲक्रिलिकचा डोळा असेल तर एवढं तापवूच नका, ६० च्या आसपास जास्त वेळ द्या.

आता कडा. चिरल्या कारण बहुधा कड कागदासारखी पातळ केली आणि गम रोज ओढून काढला. कड पातळच हवी, नाहीतर चष्म्याबाहेर रेषा दिसते. पण नुसत्या सिलिकॉनच्या अर्ध्या मिलिमीटरला फाटायला वेळ लागत नाही. बारीक नायलॉनची जाळी घ्या, घुंगटाला किंवा फ्रॉकला लावतात तसली टूल. तिची ८ ते १० मिलिमीटर रुंद पट्टी कापायची आणि कडेच्या आत, त्वचेच्या बाजूच्या थरात पुरायची. बाहेरच्या टोकाला एक-दीड मिलिमीटर जाळी नको, नाहीतर टोक जाड दिसतं. पांढरी जाळी सिलिकॉनमधून दिसते, तेव्हा आधी चहाच्या पाण्यात रंगवून घ्या. कोरी असताना धुवून वाळवा, खळ राहिली तर सिलिकॉन धरत नाही.

कास्टवर मेण लावायच्या आधी कडेच्या रेषेवर स्टोन थोडा खरवडायचा. हाडावर ताणलेली कातडी असेल तर जेमतेम अर्धा मिलिमीटर, गालावर मऊ मांस असेल तर एक. म्हणजे तयार कड त्वचेत किंचित रुतते. वरच्या कवळीला मागे पोस्ट डॅम, म्हणजे टाळूत किंचित रुतणारी कड, देता तोच हिशेब. हे केलंच नाही तर कड टेकते पण दबत नाही, आणि मग गमकडून अपेक्षा वाढतात.

डोळा कुठे बसवायचा हे मेण घ्यायच्या आधी ठरवा. नाकाच्या मध्यरेषेपासून डाव्या बाहुलीचं अंतर मोजा, तेच उजवीकडे. रुग्ण आपल्याशी बोलतोय अशी, दोन-तीन हातांवर समोर पाहणारी नजर ठेवा. मग मागे उभं राहून डोक्यावरून खाली बघा, दोन्ही बुबुळं सारखी पुढे आहेत का. बहुतेक जण समोरून जुळवतात आणि वरून बघत नाहीत. म्हणून डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो आणि चष्म्याच्या काचेला पापणी घासते.

कातडीची छिद्रं ब्रशने टोचून काढू नका, सगळी सारखी येतात. संत्र्याच्या सालीवर हलकं सिलिकॉन ओतून त्याचा शिक्का करा आणि मऊ मेणावर हलका दाबा. सालीची देठाकडची बाजू दाट असते, मधली विरळ. गालाला मधली घ्या. आपल्याकडचा उन्हात राबलेला चेहरा गुळगुळीत नसतो, आणि गुळगुळीत प्रोस्थेसिस लांबूनच ओळखू येतं.

पिवळेपणा. आत मिसळलेला रंग सहसा इतक्या लवकर जात नाही. पिवळी पडते ती कडेला साठलेली गमची पुटं, तेल आणि घाम, आणि वरून लावलेला रंग उन्हाने उतरतो. म्हणून जितकं होईल तितकं आतच रंगवा: आधी सगळ्यात खालच्या पिवळ्या-तपकिरी छटेची बेस, थोडी केओलिन (पांढरी माती) अपारदर्शकतेला, मग लाल आणि निळे बारीक तंतू. हे तंतू चिमटीएवढेसुद्धा जास्त होतात. कातडीखालच्या शिरांचा भास झाला पाहिजे, लोकर दिसता कामा नये. रंग उत्तरेच्या खिडकीशी जुळवा, मग ट्यूबलाइटखाली, मग दारात उन्हात पाहा. तिन्हीकडे जुळत नसेल तर उन्हातलं धरा, रुग्ण दुचाकीवर आहे.

सोलापूरकर मेपर्यंत दोन छटा काळवंडतो आणि डिसेंबरात उजळतो. साचा जपून ठेवा आणि जमलं तर दोन प्रोस्थेसिस द्या, एक उन्हाळ्याच्या रंगाचं आणि एक हिवाळ्याच्या. आलटून-पालटून वापरल्याने दोन्ही जास्त टिकतात. तसंही एकाचं आयुष्य वर्ष-दीड वर्षच धरायचं, दोन वर्षं गेलं तर चांगलं. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर त्याला वाटतं आपल्याला खराब माल दिला.

---

ड्रेसिंग_रूम

लावायची आणि काढायची पद्धत कुणी लिहिली नाही, आणि निम्म्या कडा तिथेच फाटतात.

लावताना: चेहरा साबणाने धुऊन कोरडा, त्यावर तेल-पावडर काही नाही. नाजूक कातडी असेल तर आधी बॅरिअर वाइप (त्वचेवर संरक्षक थर देणारा पुसणा) फिरवा, ते सुकू द्या. गम प्रोस्थेसिसला लावायचा, कडेच्या अगदी टोकापर्यंत नाही. टोकापासून दोन मिलिमीटर आत, पातळ, कापसाच्या काडीने. दाबल्यावर तो आपोआप टोकापर्यंत पसरतो. पाण्याचा गम लावताना दुधासारखा पांढरा असतो, तो पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबा आणि मगच टेकवा. घाईत पांढरा असतानाच लावला तर आत पाणी अडकतं आणि तो दुपारपर्यंत टिकणार नाही हे सकाळीच ठरलेलं असतं. जाड लावला म्हणजे जास्त धरतो असंही नाही, उलट पुटं साठतात. सिलिकॉनच्या गममध्ये उडणारं सॉल्व्हंट असतं, ते उडाल्याशिवाय लावला तर त्वचा लाल होते. घामाला तो बरा टिकतो, पण काढायला रिमूव्हर लागतो आणि चोळाचोळीत कड जाते.

काढताना कडेला धरून ओढायचं नाही. जाड भागात, भुवईच्या खाली बोट घालून सोडवायचं. कडेचा उरलेला गम अंगठ्याने गोळा करत गुंडाळायचा, नखाने खरवडायचा नाही. रोज रात्री काढून ठेवायचं, सात-आठ तास त्वचेला हवा. ॲसिटोन, नेलपॉलिशचं रिमूव्हर, डेटॉल काही नको. सौम्य साबण, कोमट पाणी, लहान मुलांचा मऊ टूथब्रश.

बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा साका सिलिकॉनच्या छिद्रांत बसतो, रुग्ण त्याला बुरशी समजून जोरात घासतो. शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्याने करा. खिडकीत उन्हात वाळत घालू नका. पाहुणा आल्यावर सापडावं म्हणून देव्हाऱ्याशेजारी, दिव्याजवळही नको. झाकणाच्या डबीत, सावलीत.

ऑब्चुरेटर प्रत्येक जेवणानंतर काढून धुवायचा. भाकरीपेक्षा शेंगाचटणी वाईट. तिचा भुगा बल्बच्या वरच्या बाजूला जाऊन बसतो, तेलकट असल्याने नुसत्या गुळण्यांनी निघत नाही, आणि दोन दिवसांत वास येतो. पोकळी मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, पाणी उकळून गार केलेलं. सुकलेली खपली ओढू नका, मऊ करून काढा.

म्युकरची केस आहे म्हणून एक नियम वेगळा. पोकळीत काळी खपली, नवीन दुखणं, गालाला बधिरपणा, घाण वासाचा स्राव किंवा अचानक वाढलेली साखर दिसली तर प्रोस्थेसिस बंद आणि त्याच दिवशी ईएनटीकडे स्कोप (दुर्बिणीने तपासणी). "गम लागला असेल" असं म्हणून आठवडा घालवू नका.

दुचाकीवर पूर्ण तोंडाचं हेल्मेट चढवताना आतला फोम कानशिलाची कड गुंडाळतो. पुढचा भाग उचलता येणारं हेल्मेट घ्या.

---

ईएनटी_रात्रपाळी

इम्प्लांटबद्दल थोडक्यात. हाडात बसवलेल्या इम्प्लांटवर चेहऱ्याचं प्रोस्थेसिस ही १९७० च्या दशकाअखेरीस स्वीडनमध्ये गोथेनबर्गला ब्रोनेमार्क आणि टेलस्ट्रॉम यांच्या कामातून आलेली गोष्ट. कानामागच्या हाडात ती फार चांगली चालते. डोळ्याच्या खोबणीत तसं नाही. वापरण्यासारखं हाड फक्त भुवईच्या आणि बाहेरच्या कडेला, आणि तेही ३ ते ४ मिलिमीटर लांबीच्या इम्प्लांटपुरतं. नाकाकडची भिंत कागदासारखी. म्हणजे तुमचा जो कोपरा सुटतो तिथे इम्प्लांट येतच नाही.

त्यात म्युकर. झायगोमा (गालाचं हाड) आणि फ्रंटल (कपाळाच्या) हाडात जुना संसर्ग दबून राहिलेला असू शकतो, तेव्हा ताज्या सीटीशिवाय ड्रिल लावू नये. एचबीएवनसी ७.९ वर मी थांबायला सांगेन. इम्प्लांट बसले तरी भोवतीची कातडी रोज साफ करावी लागते. ज्या रुग्णाने ढिल्या ऑब्चुरेटरची तक्रार इतके दिवस केली नाही, तो हे करेल का, याचा विचार करा.

फ्लॅपने (शरीराचंच कातडं-मांस वळवून) पोकळी बुजवावी का, असं नातेवाईक विचारतात. नाकासाठी कपाळाचा फ्लॅप आपल्याच भागात जुना आहे. १७९३ मध्ये पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक तसं बसवलं गेलं आणि त्याची हकिगत १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आली. पण फ्लॅपने पापणी आणि बुबुळ येत नाही. शिवाय उघडी पोकळी डोळ्यांनी आणि स्कोपने तपासता येते, जाड फ्लॅपखाली परतलेला रोग उशिरा कळतो. डोळ्यासाठी प्रोस्थेसिस हीच पहिली निवड मानावी, शस्त्रक्रिया जमली नाही म्हणून केलेली तडजोड नव्हे.

एक गाऱ्हाणं आमच्याच लोकांबद्दल. प्रोस्थोडॉन्टिस्टला ऑपरेशनच्या आधी बोलवत नाहीत. आधी बोलावलं तर दातांची इम्प्रेशन घेता येतात, सर्जिकल ऑब्चुरेटर टेबलावरच बसतो, शेवटच्या राहणाऱ्या दाताशेजारचं हाड काढलेल्या दाताच्या खोबणीतून कापलं जातं आणि पोकळीला त्वचेचा ग्राफ्ट मिळतो. ग्राफ्ट असलेली भिंत प्रोस्थेसिस सहन करते. नुसती बरी झालेली म्यूकोसा (आतलं ओलं अस्तर) ओली राहते, खपल्या धरते आणि आकसते.

---

सातरस्ता_प्रोस्थो

आज तपासलं. आरसा बर्फाच्या पाण्यातून काढून, पुसून, हवेत कोरडा ठरवूनच धरला. नाकपुड्या दाबून "बाबा" म्हटल्यावर नाकाकडच्या कोपऱ्यात धुकं, आणि ऐकायला चक्क "मामा". सरळ बसवून पाणी दिलं, दुसऱ्या घोटाला पोकळीच्या तळाशी थेंब. ऑब्चुरेटर बोटाने वर दाबून धरला तर दोन्ही थांबलं. शेंगदाणे चावल्यावर कानशिलाची कड साधारण दीड मिलिमीटर उचलते. लॅबमध्ये विचारलं, हातमोजे लॅटेक्सचेच होते.

आता ऑब्चुरेटर रीलाइन करून (नवं अस्तर देऊन) लगेच ऑर्बिटलचं इम्प्रेशन घेऊ की थांबू? आणि जुनं प्रोस्थेसिस तोवर वापरू द्यायचं का?

---

ऑब्चुरेटर_आधी

थांबा. बल्बवर टिश्यू कंडिशनर ठेवून दोन-तीन आठवडे वापरू द्या, मधे एकदा बदला, मग ॲक्रिलिकमध्ये पक्कं करा. कंडिशनर तोंडात कायमचा ठेवायचा नाही, त्यात कॅंडिडा (तोंडातली बुरशी) घर करतो आणि साखर असलेल्याला तर नक्कीच. बल्ब वरपर्यंत बसायला लागला की पोकळीच्या तळाचा आकार थोडा बदलतो. ऑर्बिटलचं इम्प्रेशन त्यानंतर आणि नवा ऑब्चुरेटर तोंडात ठेवूनच घ्या. जुन्यावर घेतलेलं इम्प्रेशन नव्याला जुळणार नाही.

जुनं प्रोस्थेसिस वापरू द्यायचं नाही. न जमलेला भाग त्वचेला टेकतोय आणि तो पुसून सुधारत नाही. तोवर चष्म्याच्या आतून कापडी पॅच द्या, गमशिवाय.

प्लगवर चुंबक लावाल तर केसपेपरवर आणि रुग्णाच्या कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा: एमआरआयच्या आधी प्लग आणि प्रोस्थेसिस दोन्ही काढणे. म्युकरच्या रुग्णाला एमआरआय पुन्हा लागतोच, आणि प्लग आत असतो म्हणून तो बाहेरून कुणाला दिसत नाही. चुंबक निओडिमियमचे असतील तर त्यावरचं आवरण दर भेटीला भिंगाखाली पाहा, ओरखडा पडला की ओलाव्याने आतून गंजतात.

---

मेणकाम_लॅब

आणि जुना स्टोनचा साचा ठेवू नका डॉक्टर. लॅटेक्स लागलेला पृष्ठभाग धुऊन भरवशाचा होत नाही, त्यात दुसऱ्यांदा भरलं तर डाग त्याच जागी येईल. मेणाच्या नमुन्याचे फोटो आणि रंगाचं माप, म्हणजे किती ग्रॅम बेसला कुठला रंग किती, वहीत असेल तर तेवढं ठेवा.